दम्याचा जबर झटका: या चुका तरी टाळा

कापूस निघून जिनिंग सुरू झालं की आमच्या जळगाव-धुळ्याकडे दम्याचे पेशंट वाढतात. पेशंट नवे असतात, चुका त्याच.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे घरघर थांबली की आराम पडला असं समजणं. चोपड्याकडचा एक जिनिंग मजूर रात्रभर बसून धापा टाकत होता. पहाटे आवाज थांबला, तसं घरच्यांनी त्याला आडवं करून पांघरूण घातलं. काळीपिवळीतून आणला तेव्हा बायको सांगत होती, "आते बरं शे, झोपी गया." ओठ निळे. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडले. स्टेथोस्कोप लावला, तर दोन्ही बाजूंना काहीच ऐकू येईना. अहो, घरघर व्हायला निदान थोडी हवा तरी आत-बाहेर व्हावी लागते! एक वाक्य धड बोलता येत नाही, गुंगी येतेय, ऑक्सिजन ९२ च्या खाली गेलाय, यातलं एकही दिसलं तरी लगेच १०८ लावा. आणि पेशंटला आडवं करू नका, पुढे झुकून बसू द्या.

टेबलावर घेईपर्यंत त्याचा श्वास थांबला. पुढची चूक आमच्याच जमातीची, त्यातही नव्या पोरांची. श्वासनलिकेत नळी घातली, ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात आली आणि नवा डॉक्टर सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसा ती दाबत सुटला. छाती फुगून टणक झाली, नाडी लागेना. जुन्या सिस्टरनी बॅग नळीपासून काढली आणि दोन्ही हातांनी बरगड्या दाबल्या. कितीतरी वेळ सूंऽऽ करत हवा बाहेर येत राहिली, मग नाडी लागली. माणूस वाचला, पुढे चालत घरी गेला.

दम्यात हवा आत जाते, पण बाहेर पडायला फार वेळ घेते. आधीची निघायच्या आत पुढची कोंबली की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे रक्तच परत येत नाही. मिनिटाला ६ ते १० वेळा, तेही हलक्या हाताने, एवढं पुरतं. मी नव्यांना मोठ्याने म्हणायला लावतो: "दाब", मग एक ते सहा मोजायचं. त्यांना हसू येतं, येऊ दे. हवा सोडूनही नाडी लागत नसेल तर फुफ्फुस फुटून हवा बाहेर साठलीय का, ते आधी बघा.

"डॉक्टर, एक सुई मारून द्या, कामावर जायचंय." या वाक्याचा मला कंटाळा आलाय. थिओफिलिनच्या सुईने धडधड आणि उलट्या व्हायचीच भीती जास्त. पहिलं औषध सॅल्ब्युटॅमॉलचा पंप. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचं नळकांडं) लावून एका वेळी एकच पफ, त्यावर ४ ते ६ श्वास, असे ४ ते १० पफ. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी पुन्हा, आणि तेही दवाखान्याच्या वाटेवर असताना. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा. स्टिरॉइडला असर करायला काही तास लागतात, म्हणून ते पहिल्या तासातच द्यायचं, "बघू" म्हणत थांबायचं नाही.

आवळलेल्या श्वासनळ्या वाफेने उघडत नाहीत. तळमळतोय म्हणून झोपेचं औषध कधीच देऊ नका. पंप रिकामा आहे का ते आज बघा, झटक्याच्या रात्री नको. कोजागिरीच्या खिरीतलं औषध घ्यायचं तर घ्या, पण रोजचा पंप बंद करून नाही.

घरीच श्वास थांबला तर तोंडात पंप मारत बसू नका. श्वासच नाही तर औषध आत जाणार कसं? फोन स्पीकरवर ठेवून १०८ लावा, माणसाला जमिनीवर घ्या आणि छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. तोंडाने श्वास देता येत असेल तर दर ३० दाबांनंतर दोन द्या. पहिल्याची छाती खाली बसल्यावरच दुसरा. मधूनच एखादा आचका येतो. तो श्वास नव्हे, दाबणं थांबवू नका.