पत्र्याचं कोटेशन घेताना

नेरूळ-ऐरोलीच्या रो-हाऊसवर पत्रा टाकायचा असेल तर महापालिकेच्या परवानगीचं आधी बघा आणि कोटेशन एप्रिलच्या आतच मागवा. जूनच्या तोंडावर कारागीर मिळत नाही, मिळालाच तर तो म्हणेल तो भाव. निदान तिघांना बोलवा. फोनवरच्या भावावर जाऊ नका. जो शिडी लावून वर चढतो, टेप धरतो, त्याचाच कागद विचारात घ्या.

‘पत्रा, स्क्वेअर फुटाला इतके’ एवढ्यावर भागत नाही. जाडी लिहून घ्या: ०.४५ की ०.५० मिलिमीटर. हाताला हा फरक कळत नाही, म्हणून माल उतरला की मायक्रोमीटर लावून बघा. माप कशाचं धरलंय, नुसत्या छपराचं की एकावर एक चढणाऱ्या पत्र्यांसकट? आमच्याकडे याच एका ओळीवरून काम दोन दिवस अडलं होतं. पत्र्याखालच्या सांगाड्याच्या पाइपची जाडी, स्क्रूखालचे रबरी वायसर, भिंतीलगतचं फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी आत येऊ नये म्हणून लावायची पट्टी), जुना पत्रा कोण नेणार, जीएसटी धरलाय का, सगळं कागदावर हवं.

ॲडव्हान्स मालापुरताच द्या. थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा, आणि काम सुरू होण्याआधीच हे बोलून घ्या.