ग्रो टेंटला सीओटू द्यायचाय? आधी पंख्याचं बघा

कोल्हापुरात सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर शोधायला लांब जावं लागत नाही. शिरोलीतल्या, गोकुळ शिरगावातल्या फाउंड्र्यांत सोडियम सिलिकेट कालवलेल्या वाळूत हाच गॅस सोडून कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) कडक करतात, आणि माझं रोजचं काम तेच. त्यामुळं माळ्यावर ग्रो टेंट (दिव्याखाली झाडं वाढवायचा बंद तंबू) लावून ढोबळी मिरची केली, तेव्हा झाडं जोमानं वाढावीत म्हणून सगळ्यांचा एकच सल्ला: "भावा, सिलिंडर जोड की!" जोडणं सोपंय. गॅस आत टिकतो का, विषय तिथं आहे.

हिशोब बघा. चार बाय चार, साडेसहा फूट उंच टेंटात साधारण २,९०० लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत सीओटू ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास. तो १,००० वर न्यायला पावणेदोन लिटर गॅस बास. पण एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालू असेल तर टेंटातली सगळी हवा मिनिट-दोन मिनिटांत बदलते, आणि तुमचा गॅस गल्लीत.

म्हणून आधी एक्झॉस्ट बंद, मग गॅस, मग पंधरा-वीस मिनिटं टेंट मिटलेला, मग परत एक्झॉस्ट. फ्लोमीटर (गॅस किती वेगानं सुटतो ते दाखवणारा) मिनिटाला २ लिटरवर लावला तर ५० सेकंद पुरतात. आतला छोटा पंखा मात्र फिरताच ठेवा. सीओटू हवेच्या दीडपट जड, तळाला बसतो. नळी शेंड्यांच्या वर गोल बांधा, भोकं खाली. दिवा लागल्यावर सुरू करा, विझायच्या तासभर आधी थांबवा. अंधारात झाडाला त्याचा उपयोग नाही. दिवाच मिणमिणता असेल तर पैसे आधी दिव्यात घाला.

सीओटूचा मीटर एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. स्वस्तातले काही मीटर सीओटू मोजतच नाहीत, दुसऱ्या वाफांवरून अंदाजे आकडा दाखवतात. सॅनिटायझरचा बोळा जवळ धरा. आकडा उसळला तर दुकानदाराला परत करा.

रेग्युलेटर हीटरवाला लागतो, नाहीतर गॅस सुटताना गारठून त्यावर पांढरं बर्फ धरतं. आणि दाबाच्या काट्यावर विसंबू नका. आत द्रव आहे तोवर काटा ६०-६५ बारलाच असतो. तो पडायला लागला म्हणजे सिलिंडर संपत आला. रिकाम्याचं वजन मानेजवळ कोरलेलं असतं, सिलिंडर वजनकाट्यावर तोलून त्यातनं ते वजा करा. सिलिंडर उभाच, साखळीनं भिंतीला बांधलेला.

पावसाळ्यात वेगळंच. आपल्याकडं जुलैत भिंतीसुद्धा घामेजतात. त्यात टेंट मिटून ठेवलात तर मिरचीवर भुरी आलीच समजा. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की गॅस राहू दे, एक्झॉस्ट चालू ठेवा.

गुळाच्या पाण्यात यीस्ट घालूनही गॅस निघतो, गूळही आपल्याकडं भरपूर. पण त्याला चावी नाही. रात्रभर फुकट उठत राहतो, वर चिलटं. बाटलीचं टोपण गच्च लावलंत तर फुटायची भीती. शेगडी किंवा बर्नर टेंटात पेटवायचा विचारही नको, कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नको.

झोपायच्या खोलीत हे काहीच ठेवू नका. माणसासाठी आठ तासांच्या कामाची मर्यादा ५,००० पीपीएम. टायमरवरचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) कधी अडकून उघडा राहील सांगता येत नाही, म्हणून दिवा विझला की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह हातानं बंद करायचा.