हिशेबाच्या जुन्या विंडोत प्रोग्रॅमकडून मजकूर भरून घेताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की अडत दुकानातील दिवाणजींना शेतकऱ्याचे नाव, पोती, वजन आणि दर दोनदा लिहावे लागतात: एकदा एक्सेलच्या तक्त्यात आणि पुन्हा पट्टी (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे बिल) करण्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये. त्या प्रोग्रॅममध्ये फाइल आयात करण्याची सोय असेल तर तीच वापरावी. ती नसेल, तर कीबोर्डवर माणूस टाइप करत आहे असे विंडोजला भासवून हे काम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडून करून घेता येते.

सर्वात सोपे साधन म्हणजे पायऑटोगुई, कीबोर्ड आणि माउस चालवणारी पायथनची तयार लायब्ररी. त्याचे ‘राइट’ हे फंक्शन आकडे आणि इंग्रजी अक्षरे व्यवस्थित टाइप करते, पण देवनागरी नावे त्याला टाइप करता येत नाहीत. त्यासाठी नाव क्लिपबोर्डवर ठेवून कंट्रोल-व्ही पाठवावे किंवा विंडोजचे ‘सेंडइनपुट’ हे फंक्शन युनिकोडच्या (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) खुणेसह थेट वापरावे. या फंक्शनला प्रत्येक चिन्हासाठी कळ दाबल्याची आणि सोडल्याची अशा दोन घटना द्याव्या लागतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह १६ बिटांत बसते, म्हणून एका चिन्हाला अशी एकच जोडी पुरते. ‘हि’मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी ह आधी आणि वेलांटी नंतर, याच क्रमाने पाठवावी. मात्र जुना प्रोग्रॅम युनिकोडपूर्व फाँटवर चालत असेल, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतील. तेथे नावाऐवजी खाते क्रमांक भरणे हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो.

खरी काळजी घ्यायची ती मजकूर कोठे पडतो याची. सेंडइनपुटला विंडोचे नाव सांगता येत नाही. त्या क्षणी जी विंडो पुढे असेल आणि तिच्यातील ज्या रकान्यात कर्सर असेल, तेथेच अक्षरे जातात. एका दुकानात मी ही व्यवस्था प्रथम बसवली तेव्हा मध्येच एका सूचनेची विंडो पुढे आली, तीन पट्ट्यांचे आकडे तिच्यातच वाया गेले आणि माझा प्रोग्रॅम मात्र सर्व नोंदी पूर्ण झाल्याचे सांगत राहिला. ज्या शेतकऱ्याने वर्षभर पीक सांभाळून पोती आणली, त्याच्या पट्टीत अशी चूक राहू देता कामा नये. म्हणून प्रत्येक रकान्यापूर्वी पुढची विंडो आपलीच आहे का हे तिच्या शीर्षकावरून तपासावे, नसेल तर तेथेच थांबावे, आणि भरलेला मजकूर परत वाचून मूळ तक्त्याशी जुळला तरच पुढच्या रकान्यात नेणारी टॅबची कळ पाठवावी.

परत वाचण्यासाठी पायविनऑटो ही पायथनची दुसरी लायब्ररी उपयोगी पडते. त्यात ‘विन३२’ आणि ‘यूआयए’ असे विंडोतील रकान्यांपर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्या प्रोग्रॅमसाठी आधी पहिला वापरून पाहावा. त्यातून रकान्यात थेट मजकूर ठेवताही येतो आणि त्यासाठी विंडो पुढे आणावी लागत नाही. परंतु जो प्रोग्रॅम कळ दाबल्यावरच गुणाकार करतो, त्यात वजन बदलूनही एकूण रक्कम जुनीच राहू शकते. म्हणून वजन आणि दर हे रकाने कळांनीच भरावेत.

हिशेबाचा प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकाराने उघडला असेल आणि आपला साध्या अधिकाराने, तर विंडोज व्हिस्टापासून आलेल्या संरक्षणामुळे अक्षरे पोहोचतच नाहीत आणि चूक झाल्याचा स्पष्ट संदेशही मिळत नाही. अशा वेळी दोन्ही प्रोग्रॅम समान अधिकाराने चालवावेत. संगणक लॉक असतानाही हे काम होत नाही.

पायऑटोगुई प्रत्येक क्रियेनंतर ०.१ सेकंद थांबते. जुन्या संगणकावर हा अवधी वाढवावा. माउस पडद्याच्या कोपऱ्यात नेला की प्रोग्रॅम थांबतो, ती सोय कधीही बंद करू नये आणि दिवाणजींना ती प्रत्यक्ष करून दाखवावी. पहिल्या दिवशी खऱ्या वहीऐवजी हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये चाचणीची कंपनी (सरावापुरती वेगळी वही) उघडून तिच्यात पाच पट्ट्या भराव्यात आणि त्यांची छापील प्रत दिवाणजींकडून तपासून घ्यावी.