होळीच्या फुलांची तयारी दसऱ्याला

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रोपांची हातगाडी येते. पेटुनिया, फ्लॉक्स, डायांथस, पॅन्झी, सगळी फुलांनी लगडलेली. पहिल्या वर्षी मी त्यातली अकरा रोपं एका झटक्यात उचलली. दहा-बारा दिवस गॅलरी अशी नटली की जिन्यातून येणारे-जाणारे डोकावून जात. होळी आली तेव्हा मात्र कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या होत्या. दोष गाडीवाल्याचा नव्हता. त्या रोपांचं निम्मं आयुष्य काळ्या पिशवीत सरलं होतं, मुळांनी आतल्या आत वेटोळं केलं होतं आणि बाहेर ऊन रोज चढत होतं. नव्या मातीत पाय रोवायला त्यांना वेळच मिळाला नाही.

तेव्हापासून माझी यादी उलटी लिहिली जाते. होळीला फुलं हवीत ना, मग तिथून मागे मोजत यायचं. पेटुनियाला बी टाकल्यापासून पहिलं फूल यायला अडीच ते तीन महिने लागतात. दसऱ्याला पेरलेली पेटुनिया जानेवारीत ऐन भरात येते आणि मार्च उजाडेपर्यंत दमते. म्हणून पेरण्या दोन करायच्या. एक दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस ओसरल्यावर, आणि दुसरी दिवाळी व तुळशीचं लग्न यांच्या मधल्या दिवसांत. लोक ही दुसरी विसरतात, आणि होळीची फुलं तीच देते.

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण पुण्यात तोवर पारा ३५ अंश ओलांडून बसतो. पळस, पांगारा, काटेसावर यांना त्याचं काही नाही, त्यांची मुळं टेकडीत खोल गेलेली असतात. कुंडीतल्या नाजूक सीझनल फुलांचा वसंत मात्र संक्रांत ते गुढीपाडवा एवढाच.

यादीत सगळ्यात आधी ऊन, कुंड्या नंतर. आणि इथे एक गंमत आहे. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य ७१ अंशांवर गेलेला असतो आणि वरच्या स्लॅबच्या सावलीने ऊन कठड्यापाशी अडतं. माझ्या मैत्रिणीने डिसेंबर बघून भिंतीलगत लोखंडी स्टँड पक्के ठोकून घेतले. फेब्रुवारीअखेर तिची रोपं उन्हासाठी कठड्याकडे माना काढून उभी! तेव्हा दक्षिणेकडे स्टँड हलता हवा. माझी गॅलरी पूर्वेची, म्हणजे मला नशिबाने सकाळचं कोवळं चार-पाच तास मिळतं आणि दुपारचं टळतं. पश्चिमेची असेल तर मार्चमध्ये हिरवी शेडनेट लागणार, ती आत्ताच मोजमाप घेऊन ठेवावी. उत्तरेची असेल तर पेटुनियाचा हट्ट सोडावा. बिगोनिया, बाल्सम जातीतली इम्पेशन्स अशी सावलीत रमणारी मंडळी आणावीत आणि सुखी व्हावं.

ऊन ठरलं की वजन. बारा इंची कुंडी ओल्या मातीनिशी वीस किलोच्या पुढे जाते. अशा पंधरा कुंड्या कठड्यावर चढवणाऱ्यांचं मला भय वाटतं. कठड्याला टांगायच्या त्या लांबट, हलक्या, प्लास्टिकच्या, आणि त्याही आतल्या बाजूला. जड मातीच्या कुंड्या जमिनीवर, भिंतीच्या कडेने. सीझनल फुलांना आठ-दहा इंच पुरे, मोगऱ्याला बारा-चौदा. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवीच, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर मातकट थेंब पडले की पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. मी अनुभवाने बोलते आहे. ताटलीत साचलेलं पाणी आठवड्याच्या आत ओतून द्यायचं, नाहीतर फुलांच्या आधी डास येतात.

मातीचं काम दसऱ्याच्या आठवडाभर आधी. गेल्या हंगामातली माती गच्चीवर पसरून वाळवलेली असेल तर दोन घमेली ती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेलं कोकोपीट. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते, हे लक्षात ठेवूनच घमेलं निवडा. मी पहिल्यांदा बादलीत भिजवली होती आणि न्हाणीघर भरलं. भिजल्यावर ती एक-दोन पाण्यांनी धुवावी, कारण तिच्यात खार असतो. शेणखत ताजं असेल तर वापरूच नका, मुळं जळतात. हातात घेतल्यावर वास मातीचा आला पाहिजे, गोठ्याचा नव्हे. कुंडीच्या भोकावर खापरी उपडी ठेवायची म्हणजे पाणी निघून जातं आणि माती थांबते.

आता बी. पेटुनियाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये आठ-दहा हजार बसतात. शिंक आली तर हंगाम गेला. ते चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ट्रेवर भुरभुरायचं आणि वर माती अजिबात टाकायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलं की सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून ट्रे पसरट परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्यायचं. आठ-दहा दिवसांत हिरवा मुलामा दिसतो. इथे मायेपोटी रोज भिजवत राहिलं तर रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत कोलमडतात. वरची माती फिकट दिसू लागली की मगच पाणी, आणि हवा खेळती. चार-सहा पानं आली की छोट्या पिशवीत, तिथे ती धरली की कुंडीत.

नॅस्टर्शियमची तऱ्हा अगदी उलटी. बी वाटाण्याएवढं, रात्रभर भिजवून थेट कुंडीतच टोचायचं, कारण मुळं हलवलेली त्याला खपत नाहीत. खतही जास्त नको. भरपूर खाऊ घातलं की पानांचं रान माजतं आणि फूल एखादंच. स्वीट पीचं बीसुद्धा रात्रभर भिजवून थेट कुंडीत, सोबत चढायला सुतळी किंवा जाळी पेरणीच्या दिवशीच बांधून. त्याच्या शेंगा खाण्याच्या मटारासारख्या दिसतात पण विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. फ्लॉक्स, कॅलेंड्युला, डायांथस, डॉगफ्लॉवर यांची फार कौतुकं करावी लागत नाहीत.

बियांचा व्याप नको असेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर पुणे-सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे निघा. उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. तिथे एकच पथ्य. फुललेलं रोप उचलायचं नाही. बुटकं, फुटव्यांचं, कळीसुद्धा न धरलेलं उचलायचं. विकणारा म्हणेल, ताई, रंग कसा कळणार? रंगाचा जुगार खेळावा. पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर लोंबत असतील तर मात्र परत ठेवा.

शेवंती आणि डेलिया यांना यादीत जागा आहे, पण ती थंडीची राज्ञी मंडळी, वसंताची नव्हेत. शेवंतीबद्दल एकच सांगते. तिला कळ्या धरायला लांब रात्र लागते. आमच्या पार्किंगमधला नवा प्रखर दिवा रात्रभर एका कुंडीवर पडत होता, तिथली शेवंती बाकीच्या फुलून गेल्या तरी नुसती पानांची राहिली. कुंडी कोपऱ्याआड सरकवली आणि महिन्या-दीड महिन्यात कळ्या आल्या.

डिसेंबर हा खुडण्याचा महिना. पेटुनिया वीतभर झाली की तिचा शेंडा नखाने खुडायचा. जीव कासावीस होतो, पण एका फांदीच्या चार होतात. पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, कळ्या दिसू लागल्या की १३:०:४५ तेवढंच. चमचाभर जास्त घातल्याने फुलं वाढत नाहीत, पानांच्या कडा करपतात. खत नेहमी ओल्या मातीत, कोरड्यात कधीच नाही.

याच महिन्यात एक काम असं आहे की ते काहीच न करण्याचं आहे. मोगऱ्याचं पाणी कमी करायचं आणि लाल लिलीच्या कुंड्यांचं जवळजवळ बंद. पानं पिवळी पडतात, घरचे हळहळतात, पडू द्यावीत. जानेवारीअखेर मोगऱ्याची छाटणी, उरलीसुरली जुनी पानं ओरबाडून काढणं, वरची दोन-तीन इंच माती खरवडून तिथे शेणखत. त्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कात्रीला दयामाया नको. लिलीला फेब्रुवारीच्या मध्यावर पहिलं भरपूर पाणी द्यायचं. मार्चमध्ये पानांच्याही आधी जाड दांडा वर येतो. तिचा कांदा अर्धा मातीबाहेर हवा.

२६ जानेवारीच्या आसपास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे वही घेऊन जा, मोबाइलवरचे फोटो नंतर कुणी बघत नाही. मी प्रत्येक वर्षी तीनच गोष्टी लिहून आणते. कुठले दोन रंग शेजारी छान दिसले, कुठलं झाड माझ्या गॅलरीत कधीच येणार नाही (म्हणजे मोह आवरता येतो), आणि आधाराच्या काड्या त्यांनी कशा लपवल्या. मुंबईकरांना राणीच्या बागेतलं फेब्रुवारीतलं प्रदर्शन आहे. त्यांनी पॅन्झीच्या नादी लागू नये. पुण्यात रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात तेव्हा कुठे ती खुलते, मुंबईच्या दमट हवेत ती आठवड्यात मान टाकते. झिनिया, कॉसमॉस, झेंडू आणि चिनी गुलाब मुंबईत बिनतक्रार फुलतात.

फेब्रुवारी उजाडला की यादीतली पुढची वस्तू आहे खुर्ची. हसू नका. चार महिने राबून गॅलरीत बसायला जागाच न उरलेली घरं मी पाहिली आहेत. एक खुर्ची, चहाचा कप टेकवायला एक रिकामी उपडी कुंडी. पांढरी आणि जांभळी पेटुनिया खुर्चीच्या हाताशी ठेवावी, कारण तिन्हीसांजेला लाल-गुलाबी रंग विझतात, पांढरा चमकत राहतो, आणि जांभळीला बरेचदा संध्याकाळी मंद वास सुटतो. नॅस्टर्शियम कठड्याशी, म्हणजे शिंजीर तिथे येऊन लोंबकळतो आणि आपल्याला उठावं लागत नाही. त्याची कोवळी पानं कोशिंबिरीत घातली तर हळिवासारखी झणझणीत लागतात, अर्थात काही फवारलं नसेल तरच.

फुलं घरात आणायची तर सकाळी ऊन चढण्याआधी कापावीत. डॉगफ्लॉवरची दांडी खालची तिसरा हिस्सा फुलं उमलली की कापायची, बाकीची पेल्यात उमलतात. पाणी रोज बदलायचं. सुकलेलं फूल मात्र झाडावर ठेवायचं नाही. बी धरलं की झाडाचं फुलण्यातलं लक्ष उडतं. नुसती पाकळी ओढून उपयोग नाही, मागची हिरवी बोंडी देठासकट खुडायची. रोज पाच मिनिटं, चहा निवेपर्यंत.

मावा येणारच. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे ठिपके दिसले की आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल नि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पानामागे लाल कोळी जाळं विणतो, त्याच्यासाठी पानांची मागची बाजू धुवावी लागते. बहुतेक लोक पुढचीच धुतात.

होळी झाली की रोज सकाळी बोट मातीत खुपसून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागली तर पाणी. मातीच्या कुंड्या प्लास्टिकपेक्षा लवकर वाळतात, त्यांना संध्याकाळीही लागतं. पाडव्यानंतर दमलेल्या झाडांवर खत ओतत बसू नये. उपटावीत, माती गच्चीवर उन्हात पसरावी, आणि रिकाम्या जागी मोगऱ्याच्या कुंड्या पुढे सरकवाव्यात. छाटणी वेळेवर झाली असेल तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, आंब्याच्या डाळीच्या वाटीबरोबर, घरच्या कळ्यांचा छोटा गजरा द्यायला पुरतो.

उपटण्याआधी बी गोळा करायचं ते फ्लॉक्स, कॅलेंड्युला आणि नॅस्टर्शियमचं. संकरित पेटुनियाचं धरू नका, पुढच्या पिढीत भलतेच रंग निघतात. बी कागदी पाकिटात घालायचं, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. आणि पाकिटावर नाव नि महिना लगेच लिहायचा. मागच्या वर्षी मी म्हटलं, एवढं काळं चकचकीत बारीक बी, कोंबड्याच्या फुलाशिवाय कशाचं असणार? लक्षात राहील. सहा कुंड्यांत लाल माठ उगवला. एका वेळची भाजी झाली.