गुडघ्यातलं पाणी आणि ‘नो ग्रोथ’ : या चुका टाळा

गुडघा टम्म सुजलाय, हात लावू देत नाही, आणि गुडघ्यातल्या पाण्यातून जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या, रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’, म्हणजे काहीच वाढलं नाही. मग खापर लॅबवर. वीसेक वर्षं सिंधुदुर्गातल्या लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटा बघतेय म्हणून सांगते, बऱ्याचदा जंतू आमच्या दारात पोचायच्या आधीच मेलेला असतो.

पहिला मान बर्फाला. थंड म्हणजे ताजं, हे बांगड्यामुळे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. एका जुलैत लांबच्या दवाखान्यातून एक जण थर्माकोलचा डबा घेऊन आला. “ताई, एकदम थंडगार आसा, बर्फात घालून हाडलंय.” डबा उघडला तर सिरिंजलासुद्धा मासळीचा वास, आत दाट पिवळं पाणी. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या थेंबात, पू-पेशी खच्चून भरलेल्या, प्लेटांवर पाच दिवस शुकशुकाट. पेशंट तरुण खलाशी, मनगट आणि गुडघा दोन्ही सुजलेले. म्हणजे गोनोकोकसचा, परम्याच्या जंतूचा, संशय घ्यायलाच हवा, आणि तो थंडीत तग धरत नाही. काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे पाणी फ्रीजमध्ये नाही, बाहेरच ठेवायचं आणि लगेच प्लेटवर लावायचं. वेळ लागणार असेल तर खाटेशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घाला. रबर स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. ओल्या रबरात सुई खुपसणारे मला दिसतात. पण सगळं पाणी बाटलीत ओतून मोकळे होऊ नका. स्मिअरला थोडं निर्जंतुक ट्यूबमध्ये, काउंटला, म्हणजे पेशी मोजायला, थोडं जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये. लहान मुलांतला किंगेला नावाचा जंतू साध्या प्लेटवर हुलकावणी देतो, बाटलीत सापडतो. गोनोकोकसचं उलट, बाटलीतलं गोठणरोधक त्याला मानवत नाही. म्हणून चॉकलेट अगार (तापवलेल्या रक्ताची चॉकलेटी प्लेट) वेगळी लावायची, मेणबत्तीच्या बरणीत, म्हणजे आत मेणबत्ती पेटवून झाकण लावलेल्या बरणीत. माझी बरणी पूर्वी लोणच्याची होती, झाकण घट्ट बसतं म्हणून घेतली.

बाकीचं भराभर. स्वॅब पाठवू नका, पाणी पाठवा. भुलीचं औषध भरलेल्या सिरिंजनेच पाणी ओढू नका, ते औषध जंतूंची वाढ रोखतं. अँटिबायोटिकचा पहिला डोस पाणी काढल्यावर. पाच मिनिटांचं काम असतं. काउंटला नेहमीचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडवालं द्रव वापरलंत तर पाण्याचा दह्यासारखा गोळा होतो, सलाइन वापरा. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे स्मिअर रंगवून बघताना, काही दिसलं नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, असं नसतं. युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक दिसले म्हणून कल्चर रद्द करणारे तर मला भेटूच नयेत. गाउट (युरिक अ‍ॅसिडचा संधिवात) आणि पू एकाच गुडघ्यात राहू शकतात. कृत्रिम सांधा असेल तर तीन ते पाच वेगवेगळे नमुने मागा आणि कल्चरसाठी चौदा दिवस थांबा. एकाच नमुन्यात एपिडर्मिडिस हा कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस जंतू आला तर बहुधा कातडीवरचा, दोन-तीनांत आला तर गंभीरपणे घ्या.

आता माझी स्वतःची चूक. भाताच्या लावणीनंतरचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या गुडघ्यातलं पाणी आलं. चोवीस तासांनी ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या प्लेटवर, सुईच्या टोकाएवढे ठिपके. अठ्ठेचाळीस तासांनी ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह, आणि ग्रॅम स्टेनमध्ये लाल दिसणारे, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह, दांड्यासारखे जंतू. मी म्हटलं, पाण्यात राहणाऱ्या स्यूडोमोनास गटातला कुठलातरी जंतू बाहेरून पडला असणार. रिपोर्टवर ‘कंटॅमिनेशन’, म्हणजे बाहेरची भेसळ, लिहिलं आणि प्लेट ऑटोक्लेव्हला, वाफेवर जंतू मारून टाकून द्यायला, गेली. तीन आठवड्यांनी तोच माणूस परत, ताप, प्लीहेत गळू. मग कळलं की शुगर कधीपासूनच वाढलेली. या वेळी प्लेट चार दिवस ठेवली. ठिपके मोठे होऊन कोरडे, सुरकुतलेले झाले, सुकलेल्या कोकमाच्या सालीसारखे. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या चकत्यांना (डिस्कना) अगदी चिकटून वाढ, म्हणजे ती चालत नाहीत, को-अमॉक्सिक्लॅवभोवती मात्र मोठं मोकळं वर्तुळ. हे त्रिकूट दिसलं की एकच नाव डोक्यात यायला हवं : बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जंतू, आणि त्याचा आजार मेलिऑइडोसिस. मोठ्या लॅबने शिक्कामोर्तब केलं. माणूस वाचला, पण आधी शिरेतून आठवडेच्या आठवडे औषध आणि मग तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या.

1911 साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांना हा आजार रंगूनमध्ये सापडला. त्याचा जंतू काही लांबचा पाहुणा नाही, ओल्या मातीत राहतो. चिखल, पावसाळा आणि मधुमेह एकत्र आले की ‘कंटॅमिनेशन’ हा शब्द लिहिण्याआधी पेन खाली ठेवा. आणि नवीन पोरांनो, वासावरून जंतू ओळखायची हौस इथे नको. झाकण उघडून नाक खुपसलंत तर हा जंतू तुमच्याच फुप्फुसात जाईल. संशय आला की प्लेट सेफ्टी कॅबिनेटमध्येच (जंतू बाहेर येऊ न देणाऱ्या बंदिस्त कपाटात) उघडायची, आणि ज्या लॅबला पाठवणार तिला आधी फोन करायचा.

एक दिवसात रिपोर्ट द्या म्हणणाऱ्यांना मी आता सरळ सांगते, प्राथमिक घ्या, अंतिम पाच दिवसांनी. पावसात लाइट गेली की इन्क्युबेटरचं (प्लेटा उबेत ठेवायच्या कपाटाचं) दार उघडून बघत बसू नका, तेवढं तरी पाळा.

आणि फॉर्म भरा हो. काम काय करतो, शुगर आहे का, अँटिबायोटिक कधी सुरू केलं. त्या शेतकऱ्याच्या पहिल्या फॉर्मवर दोनच गोष्टी होत्या : ‘उजवा गुडघा, अर्जंट’. आणि मीही फोन करून विचारलं नव्हतं.