मूर्खपणाचे निर्णय कसे टाळायचे? बायबलमधून शिकलेलं थोडं प्रॅक्टिकल

रविवारी चर्चमध्ये आपण प्रभूकडे बुद्धी मागतो आणि सोमवारी कुणाच्या तरी लोनच्या कागदावर सही करून मोकळे होतो, असं आपल्यात बऱ्याच घरांत होतं. म्हणून हे लिहितोय.

१) मला कोणी काही सांगू शकतं का, हे आधी तपासा

बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा २५ वा अध्याय निवांत वाचा. नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाकडे ३,००० मेंढरं आणि १,००० बकऱ्या, लोकर कातरायचे दिवस, घरात मेजवानी, आणि दावीदाची (जो पुढे इस्राएलचा राजा झाला) माणसं नम्रपणे काही द्या म्हणायला आली तर हा विचारतो, कोण दावीद? पण माझं लक्ष दरवेळी त्याच्या नोकराच्या बोलण्यावर जातं, तो नाबालची बायको अबीगईल हिला सांगतो की आपला धनी असा आहे की त्याच्याशी कोणी बोलूच शकत नाही. घरची माणसं तुम्हाला काही सांगण्याआधी घाबरत असतील तर खरंच काळजी करा. दावीद पण काही कमी चिडला नव्हता, ४०० माणसं घेऊन तलवार बांधून निघाला होता, सकाळपर्यंत नाबालच्या घरातला एक पुरुष जिवंत ठेवणार नाही म्हणाला होता, पण वाटेत अबीगईलने अडवून समजावलं आणि त्याने ऐकलं, वर तिचे आभार मानले. मला तरी वाटतं गल्याथसारख्या धिप्पाड योद्ध्याला पाडण्यापेक्षा हे अवघड होतं.

२) रोज एक अध्याय

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय ३१ आहेत, जी तारीख तो अध्याय वाचा. त्यातलं एकच वचन वहीत लिहा आणि याकोब १:५ धरून प्रार्थना करा, देव बुद्धी मागणाऱ्याला दोष लावत नाही.

३) जामीन राहायची वेळ आली तर

नीतिसूत्रे ६:१-५ सहीच्या आधी वाचा. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे साधारणपणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणजे त्याने हप्ते थकवले की बँक किंवा पतपेढी तुमच्याकडे येणारच. त्यामुळे त्याच दिवशी हो म्हणू नका, घरी बोला, रात्र जाऊ द्या. नाही म्हणायची लाज वाटते ना, मग असं बोला, "दादा, सही नाही करत, पण हे पाच हजार ठेव, परत नाही दिलेस तरी चालेल." सही आधीच झाली असेल तर वचन सांगतं डोळ्याला झोप लागू देऊ नको, आजच त्याच्याकडे जा, हप्त्यांचं स्टेटमेंट बघा, दुसरा जामीनदार देता येईल का ते बँकेत विचारा.

४) व्हॉट्सअ‍ॅपवर वाद पेटला की

नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, लगेच ५ वं वचन म्हणतं दे. दोन्ही खरं आहे, वेळ ओळखायची. समोरच्याला फक्त भांडायचंय तर फोन बाजूला ठेवा. पण कोणी लिहिलं की विश्वास असेल तर शुगरची गोळी बंद करा, तर गप्प बसू नका, कोणाच्या तरी आईच्या जिवाचा प्रश्न आहे, एकदाच, शांतपणे, स्पष्ट लिहा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि अबीगईलने वेळ कशी साधली ते बघा, नाबाल दारू प्यायलेला होता तेव्हा ती काहीच बोलली नाही, सकाळी उतरल्यावर सांगितलं.

५) सल्ला कोणाला विचारायचा

१ राजे १२ मधला शलमोनाचा मुलगा राजा रहबाम लोकांना उत्तर देण्याआधी तीन दिवस थांबला, वडीलधाऱ्यांनाही विचारलं, तरी ऐकलं शेवटी बरोबर वाढलेल्या पोरांचंच आणि राज्य फुटलं. म्हणून तुमच्या हो ला हो करणारा मित्र सोडून, तुम्हाला न घाबरणारा आणि ज्याचा त्यात काही फायदा नाही असा माणूस शोधा, पाळक असतील, मोठी बहीण असेल. आणि विचारताना अर्धवट सांगू नका, रक्कम किती, कोणाकडून घेतली, बायकोला माहीत आहे की नाही, सगळं सांगा.