उतारावर लाकडी पायवाट बांधताय? या चुका टाळा, आणि त्या चुकाही

सुताराच्या भाषेत चूक म्हणजे बारीक खिळा. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या जागेत मी दोन्ही प्रकारच्या चुका मारल्या. फाटकापासून घरापर्यंत आडवं अंतर ३० फूट, चढ ८ फूट. आठवड्याचं काम म्हणून दसऱ्याला नारळ फोडला, शिमगा आला तरी खांब उघडेच.

पहिला घोळ टेपचा. मी टेप जमिनीवर टाकून ५-५ फुटांवर खड्ड्यांच्या खुणा केल्या. पण वाट टप्प्याटप्प्यानं आडवी जाणार होती आणि टेप उतारावरून तिरकी. एवढ्या चढाला ५ फुटांमागे २ इंच कमी भरतात, सहा गाळ्यांत, म्हणजे खांबांमधल्या सहा अंतरांत, फूटभर. कापून आणलेल्या बाता, म्हणजे फळ्यांखालची आडवी लाकडं, एकाही खांबावर नीट टेकेनात. टेप दोघांनी आडवी ताणून धरायची, टोकाला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडायचा आणि तो टेकेल तिथं खूण करायची.

दुसरा त्याचाच भाऊ. कागदावर चित्र काढून सगळे खांब वखारीतच मापात कापून आणले. आमचे सुतारमामा बघून म्हणाले, "मालक, खांब जमीन बघून कापायचा, कागद बघून न्हवं." तीन खांब आखूड पडले. खांब फूटभर जास्तच ठेवा, उभे करा, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं सगळ्यांवर एका पातळीची खूण घ्या आणि मग वरून कापा. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी फसवते.

खड्डा खणताना वर माती, मग मुरूम, आणि नेमका एका ठिकाणी ९ इंचांवर कातळ. पहार झणझणली म्हणून मी खड्डा हातभर बाजूला सरकवला आणि वाटेला पोक आला. कातळ म्हणजे खरं तर फुकटचा पाया. तो साफ करून भोक पाडा, सळई बसवा, वर काँक्रीटचा ठोकळा ओता. भीती भरावाच्या मातीची असते. ती पहिल्या पावसात बसते, म्हणून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा.

आणि खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. लाकूड आकसलं की फटीत पाणी उतरतं, निघायला वाट नसते आणि खांब नेमका जमिनीच्या रेषेला कुजतो. ठोकळ्यावर जाड पत्र्याची यू-आकाराची बैठक बसवून खांब जमिनीच्या वर ठेवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही फॅब्रिकेटर वेल्डिंग करून देतो, फक्त गॅल्व्हनाइज करून, म्हणजे जस्ताचा थर चढवून घ्या. लाकूड घेताना गाभ्याचं घ्या. साग असला तरी बाहेरचा पांढरा भाग वाळवी आधी खाते. ओली निलगिरी स्वस्त मिळते, पण वाळताना पिळते.

पाण्याला मात्र आम्ही कुणीच विचारलं नाही. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता, तिथं आमच्या खांबांची काय कथा! जमलं तर एक पावसाळा नुसतं बघा, ओघळ कुठून येतो ते. वाटेच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवा. ओघळ वाट ओलांडतच असेल तर तिथं गाळा मोठा ठेवा, खांब मध्ये आणू नका.

वाट हलायला लागली तर आधी फळ्या ठोकत बसू नका, खाली वाकून बघा. एकच खांब खचला असेल तर बातेखाली जॅक लावून उचला आणि बैठकीखाली पत्र्याच्या चकत्या सारा. सगळीच वाट डुलत असेल तर खांबांना तिरके आधार नाहीत. फळ्या कुरकुरतात, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि चुका वर येतात. त्या काढून भोक पाडून स्टेनलेसचे स्क्रू मारा. दोन फळ्यांत ५-६ मिलिमीटर फट हवीच.

राहिलं शेवाळ. मृगाआधी तारेच्या ब्रशनं फळ्या घासा आणि चढाच्या भागावर कोंबडीजाळी ठोका. कडा आत दुमडायला विसरू नका. आमच्या आत्याबाई अनवाणी चढल्या आणि मला दिवसभर ऐकावं लागलं.